सीनेचं पाणी ओसरलंय. आई-आबांना माळवदाच्या घरात कधी नेऊ? (मदत हवी आहे)

मोहोळ तालुक्यात सीना नदीकाठी आमचं गाव आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात लांबोटीजवळ पुणे हायवेवर पाणी आलं, तेव्हा आई-आबा गावच्या शाळेत होते. रस्ता सुरू झाल्यावर मी त्यांना सोलापूरला आणलं. आता आबा रोज सकाळी पिशवी भरून बसतात. "पाणी गेलं की रं, आता इथं काय करू?" म्हणतात. दोन्ही म्हशी गावात चुलत्यांकडं आहेत, त्यांचा जीव तिकडंच अडकलाय.

घर दोन भागांत आहे. पुढची खोली विटांची, वर स्लॅब. मागच्या दोन खोल्या आजोबांच्या वेळच्या, मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत. पाणी खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत होतं, दोन दिवस. काल मी एकटा बघून आलो. चौकट सुजलीय, मागचं दार उघडत नाही. भिंतीला बाहेरून ओल आहे, पण पडझड दिसत नाही. आबांना वाटतं, उन्हं पडली की भिंत वाळेल आणि घट्ट होईल. मला भरवसा वाटत नाही. शिवाय आमच्याकडं पाऊस थांबला तरी वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी येतंच, त्यामुळं पुन्हा रात्री पळायची वेळ येईल ही भीती आहे.

भिंत बघायची कशी? लाईट कधी चालू करायची? विहिरीचं पाणी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी गवंडीकाम करतो. दादा, मागच्या खोल्यांत कुणाला झोपू देऊ नका, हे आधी सांगतो. मातीची भिंत पुरात उभी राहते आणि पाणी गेल्यावर चार-आठ दिवसांनी बसते, कारण पायथ्याची माती विरघळलेली असते आणि माळवदाची भिजलेली माती वरून दाबत असते. आबांची चूक नाही, वरून भिंत वाळलेली दिसतेच. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून भिंत सरळ आहे का बघा. भिंतीला पोट आलंय का, पायाजवळ माती सुटलीय का, खांड (छताचं आडवं लाकूड) भिंतीतून सरकलंय का? दार सुजलं असेल तर ठीक, पण चौकट तिरकी झाली असेल तर वरचा भार सरकलाय असं धरा. अडकलेलं दार धक्के मारून उघडू नका. माळवदावर चढून माती काढायचा मोह होईल, तोही टाळा. आधी बाहेरून टेकू लावून घ्या, जाणत्या माणसाकडून.

लाईटचं म्हणाल तर ओल्या फरशीवर उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. लाईनमनला सांगून खांबावरून कनेक्शन तोडून घ्या. महावितरणचा १९१२ नंबर आहे. बोर्ड, मोटारीचा स्टार्टर वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका.

प्रतिसाद २
मी आरोग्य खात्यात काम करते. विहिरीत आधी पंप लावून गढूळ पाणी उपसा, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. साधारण १००० लिटरला २.५ ग्रॅम हे माप आहे, पण पुराच्या पाण्याला जास्त लागतं. म्हणून तासाभरानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) करून घ्या, पिवळा रंग आला पाहिजे. तोवर टँकरचं पाणी उकळूनच प्यायचं. चिखल काढताना गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुरात काम केल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) शंका त्यावरून घेतात. कडब्याच्या गंजीत, चुलीमागं हात घालण्याआधी काठीनं हलवा. नाग-घोणस कोरड्या जागेला येतात. चावलाच तर बांधाबांध, चिरणं काही नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना.

मूळ धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. चौकट तिरकी आहे का हे मी बघितलंच नव्हतं. उद्या ओळंबा घेऊन जातो. आबांना म्हटलं, दिवसा म्हशींकडं जाऊ, मुक्काम पुढच्या खोलीत, तोही वायरिंग बघून झाल्यावर. ते गप्प बसले, पण पिशवी खुंटीला टांगली. पंचनाम्यासाठी तलाठी यायचे आहेत, तोवर भिजलेलं काही फेकत नाही, फोटो काढून ठेवतोय.

एकच राहिलं: पोत्यांतली ज्वारी तळाला काळी पडलीय. वाळवून म्हशींना चालेल का?

प्रतिसाद २
नाही. बुरशी आलेलं धान्य वाळवलं तरी विष राहतं. काळी पडलेली पोती फोटो काढून बाजूला ठेवा, जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. वरचं कोरडं दिसणारंही पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवूनच द्या.