हातापायांत राहिलेली माणसं : तुमचे अनुभव लिहा

आमचे गुरुजी मार्गशीर्षात गेले. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी क्रिकेट सड्यावर शिकवलं. सडा म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ. तिथे टप्पा पडला की चेंडू सरळ छातीवर येतो, आणि झेल घ्यायला झेपावलात तर गुडघ्याची सालं निघतात. गुरुजी टप्प्याच्या जागी फणसाचं पान ठेवायचे, वर एक खडा. "पानाला लाव," एवढंच सांगणं. बापू नाडकर्णी खेळपट्टीवर नाणं ठेवून सराव करायचे, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाडकर्णींनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली, त्या डावात ३२ षटकांत फक्त ५ धावा दिल्या. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. २०२०च्या जानेवारीत नाडकर्णी गेले, त्या संध्याकाळी गुरुजींनी पान ठेवलं नाही. खिशातला रुपया ठेवला.

धावायला सुरुवात करण्याआधी बोटं तांबड्या धुळीत घासायची, म्हणजे घामाने चेंडू निसटत नाही, ही त्यांची शिकवण. गुरुजींना खांदा द्यायला आम्ही पुढे झालो, तेव्हा सहाच्या सहा जण आधी वाकलो आणि मातीत बोटं घासली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून हा धागा काढायचं मनात होतं.

कप, ढाली आणि सत्कार इथे नकोत, ते मंडळाच्या कपाटात आहेत. गेलेल्या खेळाडूची किंवा शिकवणाऱ्याची तुमच्या अंगात राहिलेली गोष्ट लिहा. घरच्या, गावच्या माणसांची नावं घालू नका. गाव आणि खेळ पुरे.

मालवण, पोहणं

मला समुद्रात पोहायला मामांनी शिकवलं. सख्खे मामा नव्हेत, सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांत, वाढलेला माणूस. चिवला बीचवर डिसेंबरात सागरी पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यासाठी आम्ही पावसाळा ओसरला की पहाटे उतरायचो. पहिल्या वर्षी मी हात आपटत पोहायचे. मामा होडीतून ओरडायचे, "पाण्याक मारू नको गो चेडवा, बाजूक सार!"

तलावात शिकलेली मुलं एकाच बाजूने श्वास घेतात. समुद्रात लाट नेमकी त्याच बाजूने आली तर तोंडात खारं पाणी जातं आणि दम तुटतो. म्हणून मामांनी दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला लावला. दुसरी शिकवण मच्छीमारांची. किनाऱ्यावरचा एक उंच माड आणि त्याच्या मागचा डोंगराचा सुळका, दोन्ही एका रेषेत धरायचे. "रेघ मोडली म्हणजे पाणी तुका ओढता. तू सरळ जातंस असा तुका वाटता, पण तू सरळ जाणस नाय."

त्यांच्या पाकिटात आरती साहांचं पेपरातून कापलेलं चित्र असायचं. १९५९च्या ऑगस्टमध्ये आरती साहांना इंग्लिश खाडी पार करता आली नाही. त्या परत घरी आल्या नाहीत. २९ सप्टेंबरला पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पलीकडे पोचल्या, खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली स्त्री. मामांना त्यातला सप्टेंबर महत्त्वाचा वाटायचा. स्पर्धेत मागे पडून रडणाऱ्या पोरीला ते एवढंच म्हणायचे, "तुझो ऑगस्ट झालो."

मामांना पोचवून आलो त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर उभी होते आणि माझे डोळे आपसूक तो माड आणि तो सुळका जुळवत होते. २०२१च्या तौक्ते वादळात तो माड पडला. आता मी मुलांना त्याच रेषेवरचा मोबाइलचा टॉवर दाखवते.

अलिबाग तालुका, कबड्डी

काका डावा कोपरा सांभाळायचे. घोटा पकडण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. मला मैदानात उतरवलं तेव्हा मी चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. मागून आवाज आला, "तोंड नको बगू, पाय बग!" तोंड फसवतं, खांदा फसवतो, टाच फसवत नाही. पाय लांबवून स्पर्श करायचा असला की दुसऱ्या पायाची टाच आधी किंचित उचलते. तेवढ्यात खाली वाकायचं. आधी वाकलात तर तो तुमच्या डोक्यावरून निघून जातो, उशीर झाला तर हातात नुसती माती येते.

मैदान करायचं काम काका दुसऱ्या कोणाला देत नसत. माती चाळणीतून चाळून घ्यायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं. मॅट आली तेव्हा तिच्यावरही ते एकदा अनवाणी चालून आले, खडा राहिलाय का बघायला.

शेवटचे आठ दिवस रुग्णालयात होते. बोलणं बंद झालं होतं. डॉक्टर खोलीत आले की काका त्यांच्या पायांकडे बघायचे. डॉक्टर थांबणार आहेत की लगेच निघणार, ते त्यांना आमच्या आधी कळायचं, आणि निघणार असले की ते माझा हात दाबायचे. विचारायचं ते आत्ता विचारून घे, असा त्याचा अर्थ.

मी एस.टी.त वाहक आहे. पुढच्या थांब्याला कोण उतरणार ते मला टाचेवरून कळतं. १५ जुलैला, कबड्डी दिनाला, आमचं मंडळ कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या फोटोला हार घालतं. शेजारी आता काकांचा फोटो आहे. फोटो कमरेपर्यंतचा आहे याची मला फार रुखरुख वाटते.

चिपळूण, टेनिस बॉल क्रिकेट

आमच्या मोठ्या भावाचं दैवत एकनाथ सोलकर. २७ कसोटींत ५३ झेल, त्यातले कितीतरी फलंदाजाच्या पुढ्यात, शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. भाऊ मे महिन्याच्या सामन्यांत तिथेच उभा राहायचा. "चेंडू येईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत" हे त्याने मला अंगणात सुपाऱ्या फेकून शिकवलं. सोलकर २००५मध्ये गेले, भाऊ पाच वर्षांपूर्वी. अंगावर काही आलं तर माझे डोळे अजून मिटत नाहीत. एवढंच.

वेंगुर्ला

चिपळूणहून लिहिणाऱ्यांनी सोलकरांचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमचे बाबा दिलीप सरदेसाईंचे भक्त होते. सरदेसाई मडगावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. १९७१ला किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ होता आणि तिथून सरदेसाई आणि सोलकर यांनी १३७ धावा जोडल्या. सरदेसाईंच्या २१२ झाल्या आणि पुढे त्या मालिकेत ६४२. पाऊस पडल्यामुळे सामना चारच दिवसांचा धरला गेला, म्हणून कमी आघाडीवरही कर्णधार अजित वाडेकरांनी वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. बाबांनी हे पेपरात वाचलं, छत्री उचलली आणि ओटीवर उभं राहून मला दाखवलं, फिरकीला पाय कसा नेतात ते. चेंडूच्या टप्प्यापर्यंत पुढचा पाय गेलाच पाहिजे, अर्ध्यावर थांबला की माणूस गेला.

सोलकर, सरदेसाई, वाडेकर, तिघेही आता नाहीत. बाबाही नाहीत. त्यांच्या छत्रीला उजवीकडे वाकलेली मूठ आहे. पावसाळ्यात ती हातात घेतली की माझा डावा पाय पुढे जातो.

रत्नागिरी, खो-खो

बाईंनी पहिले पंधरा दिवस आम्हाला पळूच दिलं नाही. बसायला शिकवलं. आठ जणी एका रांगेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मागचा पाय रोवलेला, टाच वर, पाठ ताठ, कान मागे. खो पाठीवर थाप आणि आवाज दोन्ही मिळून येतो. तो येण्याआधी उठलीस तर फाउल. "पळायला सगळ्यांना येतं. थांबायला शिका," असं बाई म्हणायच्या आणि पाठीवर अशी थाप मारायच्या की आवाज खुंटापर्यंत जायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाई गेल्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या. जिथे त्यांनी अठरा वर्षं शिकवलं तिथे त्यांच्यासाठी शोकसभा झाली नाही. कायम नसलेल्यांसाठी तशी पद्धत नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

निर्बंध उठल्यावर आम्ही जुन्या मुली मैदानावर जमलो. कुणी तिशीची, कुणी चाळिशीची. श्रद्धांजलीला बसलो ते आपोआप रांगेत, एकीआड एक तोंड करून, टाच वर. दोन मिनिटं झाली, तीन झाली, पाय भरून आले, पण कोणी उठेना. शेवटी बाईंची धाकटी मुलगी मागून आली, पहिलीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "खो."

कणकवली, क्रिकेट

सचिन तेंडुलकरला घडवणारे आचरेकर सर मूळचे मालवणचे, म्हणून इकडच्या प्रत्येक शिकवणाऱ्याला ते आपले वाटतात. स्टम्पवर रुपया ठेवायचा, फलंदाजाला जो बाद करेल त्याचा तो रुपया, सत्र संपेपर्यंत फलंदाज टिकला तर त्याचा. सचिनकडे अशी १३ नाणी आहेत. आमच्या सरांनीही हेच केलं, पण आठ आण्यांवर. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, हे सर आम्हाला मुद्दाम सांगायचे, कारण तेही फार खेळू शकले नव्हते. २ जानेवारी २०१९ला आचरेकर सर गेले. आमचे सर त्याच वर्षी, दिवाळीत. माझ्याकडे चार नाणी आहेत. ही नाणी आता बाजारात कोणी घेत नाही.

रत्नागिरी, मल्लखांब

एरंडेलाचा वास. खांबाला ते तेल लावलेलं असतं, ते तळव्यांना, मांड्यांना लागतं आणि घरी आंघोळ केली तरी जात नाही. आमचे वस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली. नातवाला पोटदुखीसाठी सुनेने एरंडेल काढलं आणि माझे पायाचे अंगठे आत वळले, पकड घ्यायला.

गुहागर, धावणं

मी खेळाडू नाही, माझा भाऊ होता. लांब पल्ल्याचा. बावीस वर्षांचा असताना महामार्गावर अपघातात गेला.

तो गावातलं प्रत्येक अंतर मिनिटांत सांगायचा, स्वतःच्या पळण्याच्या मिनिटांत. डेअरी चार मिनिटं. देवळाची पाखाडी दोन मिनिटं, उतरताना दीड. एस.टी. स्टँड साडेसहा. घरातल्या सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. लग्न होऊन आलेली चुलतवहिनी पहिल्या आठवड्यात दूध आणायला गेली आणि तासाने घामेघूम होऊन परत आली. "चार मिनिटं म्हणालात!" आईने तिला समजावलं, पण अंतरं बदलली नाहीत. आता वहिनीही चार मिनिटंच म्हणते.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. परवा पाहुणे निघाले, हातात दोन पिशव्या, आणि विचारलं, स्टँड किती लांब?

आई म्हणाली, "साडेसहा मिनिटं."

मी त्यांना रिक्षा करून दिली.