मदत हवी आहे: ट्रॅककारमध्ये एकाच टँकरचा जिओफेन्स अलर्ट येत नाही (तातडीचे)

दूधगाडी | दुपारी २:४०
नमस्कार मंडळी. ट्रॅककारवर (गाड्यांचा माग ठेवणारं जीपीएस सॉफ्टवेअर) पाच टँकर लावलेत. चिलिंग सेंटरभोवती जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेली हद्द आहे; तिच्या बाहेर टँकर पडला की टेलिग्रामवर मेसेज आला पाहिजे. चार गाड्यांचा येतो, एकीचा येत नाही. नकाशावर गाडी व्यवस्थित पळते, ऑनलाइन हिरवी दिसते. सगळं सेटिंग तीनदा तपासलं, बरोबर आहे. रात्री अकराला तीच गाडी भरून वाशीला निघणार आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

सर्व्हरबाबा | २:५५
"सगळं सेटिंग" म्हणजे काय काय? ट्रॅकर कोणता, ट्रॅककारची आवृत्ती कोणती, जिओफेन्स गाडीला जोडलाय की ग्रुपला, नोटिफिकेशनवर "सर्व उपकरणे" टिक केलंय की एकेक गाडी जोडलीय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिपोर्ट्समधल्या इव्हेंट्समध्ये त्या गाडीची "जिओफेन्स एक्झिट" ही नोंद दिसते का? नोंदच नसेल तर गोची जिओफेन्सकडे. नोंद असून मेसेज नसेल तर जिओफेन्सला हात लावू नका, गोची त्याच्या पुढे आहे.

वायरमन | ३:०२
आधी नारंगी वायर बघा. जीटी०६ जातीच्या ट्रॅकरला चार वायरी असतात: लाल बॅटरी प्लस, काळी अर्थ, नारंगी एसीसी, पिवळी रिलेची. नारंगी वायर चावी ऑन केल्यावर करंट येणाऱ्या पॉइंटला नसेल तर इग्निशन कळत नाही. मग ट्रॅकर गाडी उभी आहे असं धरून पॉइंट विरळ पाठवतो. जोडणाऱ्यांना घाई असली की नारंगी वायर तशीच टेप मारून सोडून देतात.

दूधगाडी | ३:१०
@वायरमन इग्निशन ऑन-ऑफ बरोबर दिसतं. तो प्रश्नच नाही.
@सर्व्हरबाबा जिओफेन्स ग्रुपला जोडलाय, पाचही गाड्या ग्रुपमध्ये आहेत. ट्रॅकर जीटी०६वाला, पोर्ट ५०२३.

घाटमाथा | ३:२१
जिओफेन्सची त्रिज्या किती आणि ट्रॅकर किती सेकंदांनी पॉइंट पाठवतो? ६० च्या वेगात गाडी मिनिटाला १ किलोमीटर जाते. २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ मधोमध ओलांडायला २४ सेकंद पुरतात. पॉइंट ६० सेकंदांनी येत असेल तर एक पॉइंट अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि सर्व्हरच्या लेखी गाडी वर्तुळात गेलीच नाही. इग्निशन चालू असताना १० सेकंद ठेवा. बंद असताना ३०० चालतं.

सर्व्हरबाबा | ३:२६
@घाटमाथा टोलनाक्यासाठी हे बरोबर. इथे टँकर आत दोन-तीन तास उभा राहून भरतो. आत असताना डझनभर पॉइंट येणारच, मग बाहेर पडल्याची नोंद चुकेल कशी?
@दूधगाडी इव्हेंट्सच्या रिपोर्टचं राहिलं.

पट्टीदार | ३:३८
या निमित्ताने वेगाच्या अलर्टबद्दल सांगून ठेवतो, कारण तो हमखास चुकतो. ट्रॅककार आतमध्ये वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) ठेवतं. वेब स्क्रीनवर तुमच्या युनिटमध्ये भरलं तर ते स्वतः रूपांतर करतं. पण एपीआयने (थेट प्रोग्राममधून) किंवा स्क्रिप्टने वेगमर्यादा ८० भरली की ती ८० नॉट होते, म्हणजे ताशी १४८ किलोमीटर. टँकर जन्मात तिथे पोचणार नाही आणि अलर्टही येणार नाही. ८० किलोमीटरसाठी ४३.२ भरायचं.

दूधगाडी | ३:४४
मी वेगाचं विचारलंच नाही हो.

कंट्रोलरूम | ३:५०
एसएमएस लावा ना राव. घाटात डेटा जातो, एसएमएस पोचतो. टेलिग्रामवर धंदा कशाला टांगताय?

सर्व्हरबाबा | ३:५८
इथे ट्रॅकर एसएमएस पाठवत नाही, सर्व्हर पाठवतो. घाटात ट्रॅकरचा डेटा गेला तर सर्व्हरलाच काही कळणार नाही, मग मेसेज टेलिग्रामचा असो की एसएमएसचा. शिवाय भारतात सर्व्हरवरून एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीची नोंदणी यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. ट्रॅककारचा मूळ मजकूर साच्याशी अक्षरशः जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. गाडीचं नाव, वेळ, जिओफेन्सचं नाव हे सगळं साच्यात बदलणारी जागा म्हणून दाखवा आणि ट्रॅककारमधला एसएमएसचा नमुना तसाच बदला. पाच गाड्यांसाठी हा व्याप नको.

कंट्रोलरूम | ४:०५
व्याप एकदाच. नंतर ड्रायव्हरलासुद्धा मेसेज जातो, त्याला टेलिग्राम शिकवत बसावं लागत नाही.

प्रवासीसेवा | ४:११
तुमचे ट्रॅकर एआयएस-१४० (वाहनांच्या ट्रॅकरचं भारतीय मानक) प्रमाणित आहेत का? ते नसतील तर पासिंगला अडचण येईल. पॅनिक बटण, दोन सर्व्हरना एकाच वेळी माहिती, नाविक या भारतीय दिशादर्शक उपग्रहांचा आधार, हे सगळं त्यात लागतं.

घाटमाथा | ४:१५
ती सक्ती १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना आहे. दुधाच्या टँकरला पॅनिक बटण कशाला?

दूधगाडी | ४:३३
मंडळी, अलर्ट. फक्त अलर्ट. टेलिग्रामचा टेस्ट मेसेज येतो, बाकीच्या चार गाड्यांचे येतात, म्हणजे टोकन आणि चॅट आयडी बरोबर आहे. नोटिफिकेशनवर "सर्व उपकरणे" टिक आहे. इव्हेंट रिपोर्टमध्ये एक्झिटची नोंद दिसते. वेळ जरा उलटीसुलटी दिसते, ते सोडा.

सर्व्हरबाबा | ४:३६
ते कसं सोडू? वेळ किती मागे आहे की पुढे आहे?

दूधगाडी | ४:५२
मागे. काल रात्री ११:१० ला गाडी निघाली, रिपोर्टमध्ये संध्याकाळी ५:४० लिहिलंय.

सर्व्हरबाबा | ५:०१
साडेपाच तास. सापडलं.

ट्रॅककार जुन्या घटनेची सूचना पाठवत नाही. घटनेची वेळ आत्तापेक्षा १५ मिनिटांहून जास्त मागची असेल तर नोंद रिपोर्टमध्ये जाते, मेसेज मात्र निघत नाही. तुमच्या गाडीची प्रत्येक घटना सर्व्हरला साडेपाच तास शिळी वाटते. गाडी "ऑनलाइन" दिसते कारण ते सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला यावरून ठरतं, ट्रॅकरच्या घड्याळावरून नाही. गाडीवर क्लिक करून पोझिशनच्या तपशिलात "फिक्स टाइम" (त्या जागेच्या नोंदीची वेळ) बघा, तिथे लबाडी दिसेल.

आता सांगा, या गाडीचा ट्रॅकर बदललाय का? आणि उपकरणाच्या जादा सेटिंग्जमध्ये, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये टाइमझोन भरलाय का?

दूधगाडी | ५:१५
ट्रॅकर मागच्या आठवड्यात बदलला. जुना पाण्याने गेला. त्याच नोंदीत नवा आयएमईआय (ट्रॅकरचा ओळख क्रमांक) टाकला, बाकी काही बदललं नाही. टाइमझोन अ‍ॅट्रिब्यूटला "एशिया/कोलकाता" आहे. ते आधीपासून होतं, जुन्याची वेळ साडेपाच तास पुढे दिसायची म्हणून टाकलेलं.

सर्व्हरबाबा | ५:२२
हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर दोन तास वाचले असते.

जुना ट्रॅकर भारतीय वेळ पाठवत होता, म्हणून अ‍ॅट्रिब्यूट लागत होतं. नवा जागतिक वेळ पाठवतो. सर्व्हर त्यालाही भारतीय वेळ समजून आणखी साडेपाच तास वजा करतो. ट्रॅकर बदलला त्या दिवशी पहिले साडेपाच तास नकाशावर गाडी गोठलेली दिसली असणार, बरोबर? येणारे पॉइंट आधीच्या शेवटच्या पॉइंटपेक्षा जुने ठरत होते. जुन्या पॉइंटवर ट्रॅककार जागा हलवत नाही आणि घटनाही काढत नाही. नंतर वेळ पुढे सरकली, गाडी हलू लागली, आणि सगळं बरं झालं असं वाटलं.

दूधगाडी | ५:२९
हो, त्या दिवशी दुपारभर हलली नव्हती. सिम नवीन आहे म्हणून असेल असं वाटलं.

पट्टीदार | ५:३३
कशाला उलटापालट करताय, सूचनेची १५ मिनिटांची मर्यादा ६ तासांची करा. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, आकडा मिलिसेकंदांत: २,१६,००,०००. अकराच्या आत काम होईल.

सर्व्हरबाबा | ५:४१
नको. मेसेज येईल, पण "५:४० ला बाहेर पडली" असा येईल. ट्रिप रिपोर्ट, थांब्यांचा रिपोर्ट सगळे साडेपाच तास सरकलेले राहतील आणि मध्यरात्रीची फेरी आदल्या तारखेला पडेल. शिवाय मर्यादा सर्व गाड्यांना लागू होते. घाटात नेटवर्क गेल्यावर ट्रॅकर पॉइंट साठवून नंतर एकदम ओततो. मग लोणावळ्यात झालेल्या घटनांचे मेसेज पनवेलला एकामागोमाग येत बसतील.

घाटमाथा | ५:४६
पण एक तास ठेवायला हरकत नाही. खंडाळ्यातल्या वाहतूक कोंडीत रेंज नसलेल्या जागी गाडी अडकली तर १५ मिनिटं सहज जातात. ३६,००,००० ठेवा. मात्र टाइमझोन दुरुस्त केल्यावर, त्याच्याऐवजी नाही.

सर्व्हरबाबा | ५:५०
एक तासाला माझी ना नाही.

@दूधगाडी करायचं एवढंच: उपकरण उघडा, अ‍ॅट्रिब्यूट्समधून टाइमझोन काढून टाका, सेव्ह करा.

दूधगाडी | ६:१८
काढलं. गाडी दोन किलोमीटर फिरवून आणली. फिक्स टाइम अजून साडेपाच तास मागेच. आता काय?

सर्व्हरबाबा | ६:२४
माझी चूक, सांगायचं राहिलं. या प्रोटोकॉलमध्ये टाइमझोन ट्रॅकर लॉगिन करतो त्या क्षणी वाचला जातो. जोडणी चालू आहे तोवर जुनाच वापरला जातो. ट्रॅककारची सर्व्हिस रीस्टार्ट करा, पाचही ट्रॅकर पुन्हा लॉगिन करतील. एकाच ट्रॅकरवर करायचं असेल तर त्याला रीसेटची कमांड एसएमएसने पाठवा. ट्रॅकरला जीएमटीची (त्याचा टाइमझोन बदलणारी) कमांड मात्र पाठवू नका, तो आता बरोबर आहे.

वायरमन | ६:२७
लाल वायर काढून लावली तर रीसेट होईल असं समजून कोणी काढायला जाईल, म्हणून सांगतो: आत बॅटरी असते, ट्रॅकर बंद होत नाही, वर पॉवर कटचा अलार्म जातो.

दूधगाडी | ७:३५
रीस्टार्ट केलं. फिक्स टाइम बरोबर आला. गाडी गेटबाहेर काढली, टेलिग्राम वाजला. पाच-सहा सेकंद लागले. @सर्व्हरबाबा आभारी आहे.

एकच राहिलं. दुसऱ्या एका टँकरचा पॉवर कट अलार्म रोज रात्री दोन-अडीचला येतो, सकाळी आपोआप पूर्ववत. कोणी वायर उपटतंय का?

वायरमन | ७:४१
ड्रायव्हर झोपायच्या आधी बॅटरीचा मेन कट-ऑफ स्विच बंद करत असेल. ट्रॅकरची लाल वायर स्विचच्या पुढे जोडलीय. ती बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर, स्विचच्या अलीकडे घ्या आणि मध्ये टर्मिनलजवळच २ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूजशिवाय नको, बॅटरीवरून थेट आलेली वायर कुठे घासली की आग.

पट्टीदार | ७:४४
किंवा नोटिफिकेशनला कॅलेंडर लावून रात्री ते अलर्ट बंद ठेवा.

वायरमन | ७:४६
आणि डिझेल चोरणारा रात्रीच वायर काढतो, त्याचं काय?

प्रवासीसेवा | ७:५८
एआयएस-१४० ट्रॅकरमध्ये वायर काढली की वेगळा अलर्ट येतो.

घाटमाथा | ८:०३
साहेब, तो यातही येतो. तोच तर रोज रात्री येतोय.