मदत हवी आहे: पोरीची अर्धशिशी, बी टू न् मॅग्नेशियम द्यावं का?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. थोरली पोरगी आठवीत, वय १३. वर्षभर महिन्यातनं चार-पाच वेळा डोकं दुखतंय. शाळेतनं आली की दप्तर दारातच टाकते, "पप्पा लाईट बंद करा" एवढंच म्हणते, मग उलटी, मग पडदे ओढून दोन तास गाढ झोप आणि उठली की काही झालंच नाही असं "खायला काय आहे?" सुरुवातीला मला वाटायचं गणिताच्या टेस्टचं नाटक असंल, आता लाज वाटते. डोळे तपासले, नंबर नाही. डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं, दुखायला लागल्या लागल्या पॅरासिटामॉल द्या, वाढलं तर रोजची गोळी बघू म्हणाले.

आता मेव्हणीनं बाटली आणून दिलीय, रायबोफ्लेविन (म्हणजे बी टू व्हिटॅमिन) ४०० मिग्रॅ आणि सोबत मॅग्नेशियम, तिला स्वतःला फरक पडलाय. बायको म्हणाली व्हिटॅमिनच हाय, काय होतंय. दोन दिवस दिली न् तिसऱ्या दिवशी पोरगी बाथरूममधनं ओरडतच आली, लघवी हळद कालवल्यागत पिवळीधमक! बाटली तवापासनं फ्रीजवर. ४०० मोठ्यांचा डोस ना? कुणाच्या पोराला खरंच फरक पडलाय का? आमची आई म्हणते सातच्या शाळेला चहा-बिस्किटावर पाठवता आणि गोळ्या कसल्या शोधताय.

शाहूपुरीकर: दादा, पिवळ्याला घाबरू नका, बी टू जादा झालं की अंग ते बाहेर टाकतं, रंग त्याचाच. ४०० चा आकडा १९९८ च्या मोठ्या माणसांवरच्या अभ्यासातला, तेही रोज तीन महिने घेऊन. पोरांचं वेगळं निघालं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ४८ पोरांवर रोज २०० देऊन बघितलं, औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फरक काही नाही. गंमत म्हणजे खोट्या गोळीवर पण बऱ्याच पोरांचं कमी झालं. २०१७ ला अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या पोरांवर टोपिरामेट न् अमिट्रिप्टिलीन या डॉक्टरी गोळ्या वापरल्या, तिथं पण तीच तऱ्हा! त्यामुळं मेव्हणीबाई खोटं बोलत नाहीत, पण पोरीला लागू पडंल असं नाही.

दोन पोरांची आई: भाऊ, मॅग्नेशियमनं आमच्या बारक्याला जुलाब लागलेले, पोटाला झेपंल तेवढंच आणि डॉक्टरांना विचारून. डी व्हिटॅमिन तर मनानं देऊच नका, ते अंगात साठतं. पॅरासिटामॉलचे दिवस पण मोजा, महिन्यात १५ च्या पुढं गेले की गोळीनंच डोकं दुखायला लागतं. एक वही करा: कधी दुखलं, किती झोपली, नाश्ता केला का, पाणी किती. आमचं कारण वहीतच सापडलं, रात्री बारापर्यंत मोबाईल. आणि झोपेतनं उठवणारं दुखणं, तोल जाणं, नजर अंधुक असलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून तडक दवाखाना.

धागाकर्ता: लई आभार दोघांचे. वही काढलीय, पहिल्याच पानावर "नाश्ता: दोन बिस्किटं", आई वाचून नुसती हसली. डॉक्टरांकडं शनिवारी बाटलीसकट जातो. तेवढं मेव्हणीला काय सांगायचं ते कुणीतरी सुचवा.