जुन्या कंपनीच्या रेफरन्समुळे नवी नोकरी जायची वेळ आलीय, कायद्याने काय करता येईल? (कोल्हापूर)

वाळूचाळणी:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी फाउंड्री लाइनला क्वालिटीत आहे. अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत. नाव लिहीत नाही, इथले निम्मे लोक ओळखतील. रीतसर राजीनामा दिला, महिन्याचा नोटीस पिरियड भरला, रिलीव्हिंग लेटर घेतलं आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीत लागले. सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे, तिसरा महिना संपत आलाय.

गेल्या मंगळवारी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. केबिनचं दार त्यांनी लावून घेतलं तेव्हाच पोटात गोळा आला. बाहेरच्या एजन्सीकडून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे जुन्या नोकरीच्या पडताळणीचा, रिपोर्ट आला होता. त्यांनी स्क्रीन अर्धी माझ्याकडे वळवली. पद जुळलं, हिरवं. तारखा जुळल्या, हिरवं. पगार जुळला, हिरवं. आणि खाली एकच ओळ लाल. इंग्रजीत होती, अर्थ असा की चाचणी अहवालांच्या बाबतीत सचोटीविषयी शंका, पुन्हा नोकरीवर घेणार नाही. मी प्रिंट मागितली तर म्हणाल्या, कॉन्फिडेन्शियल आहे. दहा दिवसांत लेखी खुलासा द्या, मग मॅनेजमेंट ठरवेल.

आता माझी बाजू, आणि त्यातलं दुखरं बोटही. गेल्या वर्षी ब्रॅकेटचा एक लॉट गिऱ्हाइकाकडे गेला. मशिनिंग केल्यावर ब्लोहोल (ओतकामात वायूमुळे राहिलेली भोकं) उघडे पडले आणि 140 नग परत आले. त्यातल्या एका हीटच्या (भट्टीतल्या एका खेपेच्या) हार्डनेस रिपोर्टवर माझी सही आहे. त्या दिवशी मी रजेवर होते. रीडिंग ज्युनिअरने घेतली, दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर बघून सही केली, स्वतः नग तपासला नाही. सगळीकडे असंच चालतं, पण चुकलंच माझं, नाकारत नाही. मात्र हार्डनेस आणि ब्लोहोल यांचा एकमेकांशी संबंध नाही. गिऱ्हाइकाला जो रिपोर्ट गेला त्यात कारण वाळूतला ओलावा असंच लिहिलंय. मला ना मेमो आला, ना चौकशी झाली. उलट त्याच वर्षी इन्क्रिमेंट मिळालं, त्याचं पत्र आहे.

मग हे आत्ता का? राजीनामा ठेवला तेव्हा मॅनेजर साहेब म्हणाले होते, "बघतो तुला कोण घेतंय ते." समोर स्टोअरचा एक मुलगा उभा होता. तो अजून तिथेच नोकरीला आहे, त्यामुळे तो बोलेल असं मला वाटत नाही.

असा रेफरन्स देणं कायद्याने चालतं का? अब्रुनुकसानीची केस होते का? आणि त्याहून महत्त्वाचं, या दहा दिवसांत मी करू काय? घराचा हप्ता चालू आहे, मिस्टरांचं वर्कशॉप सध्या यथातथाच आहे. प्लीज, अनुभवी लोकांनी सांगा.

उद्यमनगरी:

ताई, गप बसू नका. लई माजलेत हे लोक. थेट अब्रुनुकसानीचा दावा ठोका एक कोटीचा, आणि पोलिसात एफआयआर पण करा. आता तर हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, मुंबईला हेलपाटे नाहीत.

बावड्याचा_कोट:

उद्यमनगरी, जरा दमानं. मी वकिली करतो, म्हणून तीन गोष्टी आधी दुरुस्त करतो.

सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं हे खरं, त्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं तेही ठाऊक आहे. पण खाजगी कंपनीच्या रेफरन्सविरुद्ध कोणी थेट तिथे जात नाही. सुरुवात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून, म्हणजे जिल्हा कोर्टातूनच. दुसरं, अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, जुन्या आयपीसीचं 499 आणि 500. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आता समाजसेवेचीही सोय आहे. पोलीस त्यावर एफआयआर घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटसमोर स्वतः खाजगी तक्रार करावी लागते. नव्या प्रक्रिया संहितेत तर दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. तिसरं, एक कोटी. दावा जितका मोठा तितकी कोर्ट फी चढते. आकडा टाकायला काही लागत नाही, भरायला लागतं.

आता धागाकर्तीसाठी. वाईट रेफरन्स देणं हा मुळात गुन्हा नाही. जुन्या मालकाने नव्या मालकाला प्रामाणिकपणे सावध केलं तर कायदा त्याला संरक्षण देतो. कलमातच उदाहरण आहे: दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीवर माझा भरवसा नाही. सद्भावनेने, स्वतःचं हित जपायला बोलला असेल तर ती बदनामी नव्हे. तुमची जुनी कंपनी याच अपवादाच्या आडोशाला उभी राहणार. तो आडोसा मोडायचा तर सद्भावना नव्हती, आकस होता, हे तुम्हाला दाखवावं लागेल. मेमो नाही, चौकशी नाही, वर इन्क्रिमेंट, आणि राजीनाम्यानंतर अचानक सचोटी आठवली. ही साखळी बरी आहे. "बघतो तुला कोण घेतंय" हे त्याहून चांगलं, पण साक्षीदार तिथेच नोकरी करतो म्हटल्यावर त्यावर विसंबू नका.

तुमची सही मात्र अडचणीची आहे. दिवाणी दाव्यात बोललेलं खरं ठरलं तर दावा तिथेच संपतो. (फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं.) समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, न तपासता सही केली का? तुम्ही हो म्हणणार. म्हणून आज कोर्टाचा विचार बाजूला ठेवा. आधी नोकरी वाचवा.

एक तारीख मात्र आत्ताच वहीत लिहून ठेवा. लेखी बदनामीच्या भरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत एकच वर्ष आहे. ती तुम्हाला कळल्यापासून मोजत नाहीत, मजकूर दुसऱ्याकडे गेल्यापासून मोजतात. म्हणजे जुन्या कंपनीचा तो शेरा पडताळणी करणाऱ्या एजन्सीला गेला त्या दिवसापासून. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं मिळतात.

वाळूचाळणी:

साहेब, खूप आभार. पण मजकूर लेखी हातात नाही तर खुलासा कशाचा देऊ? आणि जॉइन होताना एका फॉर्मवर सही घेतली होती, आधीच्या कंपनीकडे चौकशी करायला माझी हरकत नाही असा. म्हणजे मी स्वतःच परवानगी दिली ना?

शिरोलीकर_एचआर:

मी टेबलाच्या पलीकडे बसते, वीसेक वर्षं झाली. त्या फॉर्मचं फार मनावर घेऊ नका. चौकशीला संमती म्हणजे काहीही लिहायला संमती नव्हे. पण कोर्टात ते म्हणतील की तुम्हीच विचारायला सांगितलं होतं, म्हणून त्या फॉर्मची कॉपी मागून ठेवा.

आता आतली गोष्ट. लाल ओळ आली की एचआरला स्वतःचं अंग झाकायचं असतं. उद्या काही झालं तर फाइलमध्ये कागद हवा, एवढीच त्यांची गरज असते. मॅडमनी दहा दिवस दिले याचा अर्थ त्यांना तुम्हाला काढायची घाई नाही. काढायचंच असतं तर प्रोबेशनच्या अटीवर दोन ओळींचं पत्र देऊन मोकळ्या झाल्या असत्या. तुम्ही त्यांना तो कागद द्या.

मेलनेच लिहा: "अमुक तारखेला आपण मला रिपोर्टमधील पुढील मजकूर दाखवला, त्यावर हा खुलासा." मजकूर तुम्हाला आठवतो तसा अवतरणात टाका. त्यांनी उत्तरात तो खोडला नाही तर तुमच्याकडे लेखी नोंद तयार झाली. माझा अनुभव सांगते, प्रिंट मागितली की लोक बिचकतात, असा मेल आला की गप उत्तर देतात.

सही स्वतःहून सांगा, पहिल्याच परिच्छेदात. ती त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळली तर तुमचा बाकीचा सगळा खुलासा वाया गेला. रजेचा अर्ज, इन्क्रिमेंटचं पत्र, रिलीव्हिंग लेटर जोडा. गिऱ्हाइकाला गेलेला रिपोर्ट जोडू नका! तो जुन्या कंपनीचा कागद आहे. तुमच्याकडे कॉपी निघाली तर गोपनीय कागद पळवल्याचा नवा आरोप फुकट मिळेल. तो रिपोर्ट जुन्या कंपनीकडून थेट मागवा, एवढंच सुचवा.

बावड्याचा_कोट:

शेवटचं अगदी बरोबर. मी चुकून तो जोडायला सांगणार होतो.

जुन्या कंपनीलाही एक पत्र जाऊ दे, वकिलाची नोटीस नको, तुमच्याच नावाने. कोणत्या घटनेच्या आधारे शेरा दिला ते कळवा, मला मेमो किंवा चौकशीची संधी दिली नव्हती, शेरा दुरुस्त करून एजन्सीला कळवा, पंधरा दिवस. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच घ्या. (रजिस्टर एडी मागू नका, ते आता स्पीड पोस्टातच विलीन केलंय, काउंटरवर उगाच वाद होतो.) मालक आणि मॅनेजर वेगळे असतील तर पत्र मालकाच्या नावाने जाऊ दे. पुष्कळदा मालकाला यातलं काहीच माहीत नसतं.

फोनवर काही मेसेज असतील तर स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ फोन जपा, विकू नका. डिजिटल पुरावा कोर्टात ठेवताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर आधी विचारायचं तर 15100.

अवांतर: सहा वर्षं झाली म्हणता, ग्रॅच्युइटी मिळाली का?

वाळूचाळणी:

नाही. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, ती ओळच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, राजीनामा दिल्यावर मिळत नाही.

बावड्याचा_कोट:

राजीनाम्यावरही मिळते. शेवटचं वेतन, म्हणजे निदान बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले सहा. अर्ज करा. तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. पण हा अर्ज वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी. रेफरन्सच्या पत्रात पैशाचा विषय घातलात की ते म्हणतील बाई पैशासाठी दबाव आणतेय.

उद्यमनगरी:

बरं झालं वकीलसाहेब भेटले. एक कोटी मागे घेतो.

वाळूचाळणी:

अपडेट देते, बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

खुलासा सातव्या दिवशी मेल केला, सहीचं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. लिहिताना हात थरथरत होता, तीनदा ते वाक्य पुसलं. मॅडमचं उत्तर आलं: "आपला खुलासा मिळाला, एजन्सीकडे फेरतपासणीसाठी पाठवला आहे." मजकूर चुकीचा असं कुठे म्हटलेलं नाही, म्हणजे नोंद झाली.

जुन्या कंपनीला पत्र मालकांच्या नावाने पाठवलं. बारा दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून फोन आला, मॅनेजरचा नाही, अकाउंटच्या काकांचा. "पोरी, साहेबांनी पत्र वाचलंय, आता फक्त तारखा आणि पद कळवायचं असं सांगितलंय." लेखी काही द्यायला मात्र तयार नाहीत. मी म्हटलं, मग एजन्सीला जो मेल कराल तो मलाही सीसी करा. अजून आलेला नाही.

इकडे कंपनीने प्रोबेशन तीन महिने वाढवलंय. काढलं नाही, कायमही केलं नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज काल टाकला, वेगळ्या पाकिटात. वकीलसाहेब, पंधरा दिवस परवा संपतात. सीसी आला नाही तर पुढचं पत्र मी लिहू की आता विधी सेवाच्या ऑफिसला जाऊ? शनिवारी चालू असतं का ते?