मदत हवी आहे : ७१ च्या लढाईतले जखमी तात्या, पेन्शन एक रुपयाही नाही

नमस्कार मंडळी. माझे थोरले चुलते, तात्या, मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. १९६८ ची भरती. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातलं) लढाईत डाव्या गुडघ्यात स्प्लिंटर घुसले. काही महिने हॉस्पिटल, मग लो मेडिकल कॅटेगरीत (म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नाही असा शेरा घेऊन) परत पलटणीत. १९७५ ला आजोबा वारले, घरात करतं कुणी नाही, म्हणून तात्यांनी स्वतःच अर्ज करून नाव कमी करून घेतलं. घोळ तिथेच झाला. पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून सर्व्हिस पेन्शन नाही, आणि 'स्वतःच्या विनंतीवरून' आले म्हणून अपंगत्वाचीही नाही. ग्रॅच्युइटीची म्हैस घेतली, ती दोन वर्षांत गेली.

आता वय ७७. गुडघा वाकत नाही, काकू गेल्या, मूलबाळ नाही. माणदेशात दीड एकर कोरडवाहू आणि रेशनचं धान्य. आम्ही पाठवलेले पैसे घेताना मान खाली घालतात. "सरकारचं घेईन, तुमचं नको."

ट्रंकेत डिस्चार्ज बुक (पाणी लागून पानं चिकटलेली), 'पूर्वी स्टार' (७१ च्या पूर्व आघाडीचं पदक) आणि वूंड मेडल (लढाईत जखमी झालेल्यांचं पदक) सापडलं. मेडिकल बोर्डाचा कागद नाही.

केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्या माजी सैनिकांसाठीचं अनुदान, आहे. पेन्शन नसलेल्या, ६५ ओलांडलेल्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना महिना ४,००० मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. पण तात्यांनी माजी सैनिकाचं ओळखपत्रच कधी काढलं नाही, आणि डिस्चार्ज बुकात जन्मसाल १९४९, आधारवर १९५२. म्हणजे आधारच्या हिशेबाने गडी सोळाव्या वर्षी भरती झाला! आधी आधार दुरुस्त करायचं, की प्रतिज्ञापत्रावर भागतं?

दुसरं, वॉर इंज्युरी पेन्शनचं, म्हणजे लढाईतल्या जखमेमुळे मिळणाऱ्या पेन्शनचं. एका कार्यालयात "पन्नास वर्षांनी कसली पेन्शन" म्हणून वाटेला लावलं. पण सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालात पेन्शनचा हक्क नुसत्या उशिरामुळे बुडत नाही, थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच, असं आहे. आम्हाला थकबाकी नको, पुढचं चालू झालं तरी पुष्कळ. वूंड मेडल असताना बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) नोंद कुठेतरी असणारच ना? ती बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मिळवलेली कुणी आहे का? अर्जात नेमकं काय मागायचं? आणि विनंतीवरून बाहेर पडलेल्या जुन्या जवानाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडून दिलासा मिळाल्याचं कुणाच्या घरचं उदाहरण?

पेन्युरी ग्रँट पेन्शन नसलेल्यांसाठीच आहे, म्हणून आधी ती सुरू करून नंतर पेन्शनचा दावा लावला तर अडचण येते का, हेही सांगा. एक एजंट भेटलाय, निम्मी रक्कम मागतो. त्याच्याकडे जायचं नाहीये.

मी दर दुसऱ्या शनिवारी गावी जातो. सह्या, फोटो, जे लागेल ते तेव्हा आणू शकतो.