बिंदू ओढताना आकृती उलटते: भूमितीच्या प्रायोगिक प्रणालीविषयी

प्रश्न
नमस्कार. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी भूमितीची एक प्रायोगिक प्रणाली मी तयार करत आहे. ‘हे दोन रेषाखंड समान’, ‘ही रेषा त्या रेषेला लंब’ अशा अटी विद्यार्थ्याने घालाव्यात आणि नंतर कोणताही बिंदू ओढला तरी त्या पाळल्या जाव्यात, अशी कल्पना आहे. रेखाटन आणि अटींची नोंद एवढा भाग पूर्ण झाला असून अटींची समीकरणे न्यूटन-रॅफसन पद्धतीने, म्हणजे अंदाजी उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत, सुटतात. मात्र मोठ्या आकृतीत बिंदू अडखळत सरकतो आणि त्रिकोणाचा शिरोबिंदू कधी कधी एकाएकी पायाच्या पलीकडे उडी घेतो. त्या वेळीही सर्व अटी पूर्ण झालेल्या असतात, पण विद्यार्थ्याला आपली आकृती मोडली असेच वाटेल. यावर उपाय काय?

पहिले उत्तर
त्रिकोणाच्या दोन बाजूंची लांबी ठरली, की शिरोबिंदू पायाच्या टोकांभोवतीच्या दोन वर्तुळांच्या छेदनावर येतो. दोन वर्तुळे एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात आणि समीकरणांच्या दृष्टीने ते दोन्ही बिंदू सारखेच बरोबर असतात. उडीचे मूळ तिथे आहे. प्रत्येक वेळी आधीच्या स्थितीपासूनच आकडेमोड सुरू करावी आणि माऊस फार सरकला असेल, तर ते अंतर लहान टप्प्यांत तोडावे. वर्तुळे एकमेकांना स्पर्श करतात तिथे दोन्ही उत्तरे एकत्र येतात, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. ‘सिंड्रेला’ या भूमितीच्या सॉफ्टवेअरने यासाठी संमिश्र संख्यांचा (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्यांचा) मार्ग घेतला. त्यात हालचाल सलग राहते, पण बिंदू मूळ जागी परत आणल्यावर आकृती पूर्वीसारखीच दिसेल याची खात्री राहत नाही. शाळेसाठी मला ही खात्री अधिक मोलाची वाटते. म्हणून त्रिकोणाचे शिरोबिंदू घड्याळाच्या दिशेने आहेत की उलट, याची नोंद ठेवावी आणि उत्तर त्यावरून निवडावे.

दुसरे उत्तर
वेगासाठी संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांच्या १९६३ च्या ‘स्केचपॅड’ या रेखाटन प्रणालीकडे पाहावे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ संगणकावर प्रकाशलेखणीने चालणारी ही प्रणाली आधी अटी एकामागून एक थेट पूर्ण करता येतील असा क्रम शोधत असे आणि तो न सापडल्यासच पुनरावृत्तीच्या संथ पद्धतीकडे वळत असे. आपणही तसेच करावे: ओढलेल्या बिंदूशी जोडलेला भागच घ्यावा, त्यातील थेट सुटणाऱ्या अटी बाजूला काढाव्यात आणि एकमेकींत गुंतलेल्या अटीच न्यूटनकडे सोपवाव्यात. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात माऊसच्या अनेक नोंदी आल्या, तर फक्त शेवटची घ्यावी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पण मधल्या नोंदी सोडल्या, तर शेवटची नोंद दूरची असेल आणि उडीची शक्यता पुन्हा वाढेल, असे वाटते.

दुसरे उत्तर देणारे
शंका रास्त आहे. नोंद एकच घ्यावी, पण तिथपर्यंतचे अंतर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने कापावे आणि चित्र शेवटच्या टप्प्याचेच काढावे. गुंतलेल्या अटी थोड्या उरल्या, की हे टप्पे परवडतात.