‘स्फटिक’ म्हणजे नेमके काय? नायका खाणीतल्या गुहेवरून एक चर्चा

प्रश्न : मेक्सिकोच्या चिवावा राज्यात नायका ही शिसे, जस्त आणि चांदीची खाण आहे. २००० साली तिथे सुमारे ३०० मीटर खोलीवर बोगदा खणताना एक पोकळी लागली. आत ११ मीटरपर्यंत लांबीचे, पांढुरके, आरपार दिसणारे प्रचंड खांब! मराठी लेखांत यांना नुसते ‘स्फटिक’ म्हणतात. पण आपली स्फटिकाची माळ, स्फटिकाचे शिवलिंग क्वार्ट्झचे असते आणि नायकाचे खांब जिप्समचे आहेत. मग हा शब्द चालेल का?

उत्तर १ : चालेल. या शब्दाचे आता दोन अर्थ झाले आहेत. जुना अर्थ त्या एका खनिजाचा, शाळेत शिकलेला अर्थ कणांच्या ठरावीक रचनेचा. दुसऱ्या अर्थाने मीठ, तुरटी, खडीसाखर यांचेही स्फटिकच. फक्त ‘जिप्समचे स्फटिक’ असे लिहावे, म्हणजे घोटाळा होत नाही. क्वार्ट्झने काच चरते, जिप्समवर मात्र नखानेही ओरखडा उठतो.

उत्तर २ : या पारदर्शक जिप्समला सेलेनाइट म्हणतात, ग्रीक चंद्रदेवतेवरून. मग ‘चंद्रकांत’ का नको?

उत्तर १ : नको. चंद्रकांत हा चांदण्यात पाझरणारा कविकल्पनेतला मणी. सेलेनाइटच राहू द्या.

उत्तर ३ : मला क्रियापदाबद्दल बोलायचे आहे. ‘स्फटिक तयार झाले’ यापेक्षा ‘वाढले’ हे अचूक. खालच्या शिलारसाच्या उष्णतेने गुहेतले खनिजयुक्त पाणी तापलेले होते. ते अगदी सावकाश निवत ५८ अंश सेल्सिअसच्या जरा खाली आले, तेव्हा पाण्यातला अॅनहायड्राइट (म्हणजे पाण्याचा अंश नसलेले कॅल्शियम सल्फेट) विरघळून जिप्सम साचू लागला. तापमान लाखो वर्षे जवळपास तेवढेच राहिले. प्रयोगात मोजलेला ५५ अंशांवरचा वाढीचा वेग पाहिला, तर शंभर वर्षांत कागदाच्या जाडीएवढीही भर पडत नाही. पाणी या जिप्समच्या रेणूतही आहे. कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन. त्याला आपल्याकडे ‘स्फटिकजल’ असा नेटका शब्द आहेच, तो वापरात ठेवायला हवा.

प्रश्नकर्ता : आणि ‘गारगोटी’?

उत्तर ३ : ती क्वार्ट्झचीच, त्यामुळे इथे नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मात्र बेसॉल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) पोकळ्यांतले झिओलाइट हे खनिज पाहायला जरूर जा. नायका आता पाहता येणार नाही. खाणीतले पाणी उपसणारे पंप बंद झाल्यावर गुहा पुन्हा पाण्याखाली गेली. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना ‘बुडाली’ म्हणा, ‘नष्ट झाली’ नको.